पाण्याखालचे कुरण : प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, आणि या नावाचा अर्थ बहुतेक वेळा पाण्यापुरताच घेतला जातो : तलाव किती, त्यांच्या पाळी किती जुन्या, त्यांवर किती धान भिजते आणि किती मासळी निघते. पाण्याच्या पृष्ठभागाखाली, गाळात मुळे रोवून उभ्या असलेल्या वनस्पती या हिशेबात सहसा येत नाहीत. आल्याच तर काढून टाकायच्या गोष्टी म्हणून येतात. प्रस्तुत पुस्तक अशाच एका वनस्पतीविषयी आणि तिच्या लागवडीविषयी आहे. व्हॅलिस्नेरिया या शास्त्रीय नावाने ओळखली जाणारी ही वनस्पती पूर्णपणे पाण्यात बुडून वाढते. तिला उभे खोड जवळजवळ नसतेच; गाळाच्या पातळीवर एकाच जागेतून फितीसारखी लांब, पातळ, हिरवी पाने झुबक्याने वर येतात आणि पाणी जितके खोल तितकी लांब होत जातात. झुबक्याच्या बुडातून गाळावरून सरकत जाणारे धावते खोड निघते, थोड्या अंतरावर त्याला नवी मुळे व नवा झुबका फुटतो, त्यातून पुढे आणखी एक, आणि अशा रीतीने अनुकूल जागी एका रोपापासून काही हंगामांत पाण्याखाली गवताळ कुरणच तयार होते. दिसायला गवतासारखी असली तरी गवतांच्या कुलाशी तिचा संबंध नाही. हायड्रिला आणि ऑटेलिया या तलावांत आढळणाऱ्या दुसऱ्या दोन वनस्पती ज्या हायड्रोकॅरिटेसी कुलात मोडतात, त्याच कुलातली ही सपुष्प वनस्पती आहे.

सपुष्प हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे, कारण या वनस्पतीला फूल येते हेच अनेकांना ठाऊक नसते. मराठीत पाण्यातल्या हिरव्या पसाऱ्याला सरसकट शेवाळ म्हणण्याची रीत आहे. ही रीत जुनी आहे; अमरकोशातही शैवाल, शैवल आणि जलनीली हे शब्द एकत्र दिलेले आहेत. परंतु शालेय पुस्तकांतून शेवाळ हा शब्द मूळ, खोड, पान असे अवयव नसलेल्या साध्या शरीररचनेच्या सजीवांसाठी रूढ झाल्यापासून एक घोटाळा पक्का झाला : मुळे, पाने, फुले, फळे आणि बिया असलेल्या वनस्पतीही त्याच शब्दाखाली जाऊ लागल्या आणि तलाव साफ करणे म्हणजे शेवाळ काढणे या समजुतीत त्या उपटल्या जाऊ लागल्या. तलावांवर जगणाऱ्या ढिवर समाजाच्या बोलीत असा घोटाळा नाही, कारण तेथे पाण्यातल्या वेगवेगळ्या वनस्पतींना वेगवेगळी नावे आहेत आणि कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या उपयोगाची, हेही त्या नावांबरोबरच सांगितले जाते.

या वनस्पतीचे परागण वनस्पतिशास्त्रातल्या अत्यंत विलक्षण गोष्टींपैकी एक आहे. नर फुले आणि मादी फुले वेगवेगळ्या रोपांवर येतात. नर फुले एक मिलिमीटरच्या आसपास, अतिशय बारीक असून झुबक्याच्या बुडाशी एका आवरणात शेकड्यांनी तयार होतात. पक्व झाली की आवरण फाटून ती देठापासून सुटतात, मिटलेल्या अवस्थेतच पाण्यातून वर येतात आणि पृष्ठभागावर पोचल्यावर उमलून इवल्या नावांसारखी तरंगू लागतात. मादी फूल मात्र देठापासून सुटत नाही. त्याचा बारीक देठ पाण्याची खोली असेल तितका लांबत जाऊन फुलाला पृष्ठभागापर्यंत नेतो, आणि तेथे त्या फुलाच्या भाराने पाण्याच्या पापुद्र्यावर एक लहानशी खळी पडते. वाऱ्याने हेलकावत आलेली नर फुले या खळीच्या उतारावरून घसरत मादी फुलाला जाऊन भिडतात. परागण झाले की मादी फुलाचा देठ मळसूत्रासारखा गुंडाळत जातो आणि फळाला पुन्हा पाण्याखाली ओढून नेतो. स्पायरॅलिस हे तिच्या सर्वांत परिचित जातीचे नाव या गुंडाळण्यावरूनच पडले आहे. हा सारा व्यवहार पृष्ठभाग शांत असेल, पाणी फार गढूळ नसेल आणि दोन्ही प्रकारची रोपे जवळपास असतील तरच घडतो. लागवड करणाऱ्याने ही गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी, कारण एकाच रोपाच्या धावत्या खोडांपासून वाढवलेले कुरण कितीही दाट झाले तरी त्यात नर आणि मादी यांपैकी एकच प्रकार असतो आणि त्यात बी धरत नाही.

व्हॅलिस्नेरियाच्या अभ्यासाचा इतिहास इटलीत सुरू होतो. पिएर अँटोनिओ मिकेली या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७२९ साली पादुआ येथील वैद्य आणि निसर्ग-अभ्यासक अँटोनिओ व्हॅलिस्नेरी यांच्या नावावरून या प्रजातीला नाव दिले आणि लिनियसने १७५३ साली व्हॅलिस्नेरिया स्पायरॅलिस या द्विनामाने ते कायम केले. भारतातल्या वनस्पतीची नोंद कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग याने घेतली. त्याचा फ्लोरा इंडिका हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाला. उत्तर हिंदुस्थानात पाण्यातल्या अशा वनस्पतींचा एक उपयोग जुन्या काळापासून होता. खांडसरी साखर तयार करताना राबेवर, म्हणजे दाणे धरलेल्या घट्ट पाकावर, या ओल्या वनस्पतींचा थर पसरत. त्यातून हळूहळू झिरपणारे पाणी मळी धुऊन खाली नेई आणि वरची साखर उजळ होई. विसाव्या शतकात एस. बी. कौशिक यांनी १९३९ साली परागणानंतर मादी फुलाच्या देठाचे वर्तन कसे बदलते यावर प्रसिद्ध केलेला अभ्यास, के. सुब्रह्मण्यम यांचा १९६२ चा भारतीय जलीय सपुष्प वनस्पतींवरील ग्रंथ आणि सी. डी. के. कुक यांचे १९९६ चे भारतातील पाणथळ वनस्पतींवरील पुस्तक हे या अभ्यास-परंपरेतले पुढचे टप्पे होत. २००८ साली डोनाल्ड लेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आनुवंशिक पुराव्याच्या आधारे या प्रजातीची फेरमांडणी केली, आणि पूर्वी स्पायरॅलिस या एका नावाखाली घातलेल्या अनेक वनस्पती वेगळ्या जाती असल्याचे दिसून आले. भारतात स्पायरॅलिस आणि नॅटन्स या दोन्ही नावांनी नोंदी आहेत. म्हणून या पुस्तकात जातीचे नाव सरसकट न लावता बहुतेक ठिकाणी प्रजातीचेच नाव वापरले आहे, आणि सध्याच्या स्थितीत तेच प्रामाणिकपणाचे आहे.

या वर्णनपर परंपरेत भंडाऱ्याची जागा मात्र अरुंद राहिली. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात लिहिलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ महाराष्ट्रातल्या अभ्यासकांच्या पिढ्यान्‌पिढ्या हाताशी राहिला, परंतु भंडारा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, मध्य प्रांतात होता. भाषावार राज्यरचनेनंतर जिल्हा महाराष्ट्रात आला तरी सह्याद्री आणि कोकण यांच्या वाट्याला आलेले लक्ष वैनगंगेच्या खोऱ्याला मिळाले नाही. एन. आर. उगेमुगे यांचा नागपूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरील १९८६ चा ग्रंथ आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने नव्वदीच्या दशकापासून प्रसिद्ध केलेले महाराष्ट्राचे खंड यांनी ही उणीव बरीच भरून काढली. तरीही या ग्रंथांचे काम नोंदीचे आहे. वनस्पती कोठे सापडते हे ते सांगतात. ती तेथून नाहीशी झाली तर परत कशी आणावी हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही.

लागवडीचा प्रश्न प्रथम विचारला गेला तो तलावांपासून फार दूर, काचेच्या भांड्यात. लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८४९-५० मध्ये पाण्याच्या एका मोठ्या भांड्यात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरियाची रोपे ठेवली. वनस्पती प्राणवायू पुरवील आणि माशांच्या उत्सर्गावर वाढेल असा त्याचा हिशेब होता. पण कुजू लागलेल्या पानांनी पाणी बिघडू लागले, तेव्हा त्याने पाणगोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी न बदलता ते भांडे टिकून राहिले. मत्स्यालय या कल्पनेचा पाया घालणाऱ्या प्रयोगांत याची गणना होते, आणि तेव्हापासून आजपर्यंत व्हॅलिस्नेरिया ही घरगुती मत्स्यालयांतली नेहमीची वनस्पती आहे. तिला माती किती लागते, प्रकाश किती लागतो, कोठे खुडावी, कशी लावावी याचे तपशीलवार ज्ञान या शौकीन परंपरेने जमा केले. तलावात लागवड करणाऱ्याने ते अवश्य घ्यावे. पण दुकानातली रोपे घेऊ नयेत. बाजारातले अनेक प्रकार परदेशी जातींचे किंवा निवडीने वाढवलेले असतात, आणि अशी रोपे खुल्या पाण्यात सोडली तर जी स्थानिक वनस्पती वाचवायची तिचीच जागा ती घेऊ शकतात.

लागवडीच्या विचारातली दुसरी परंपरा उथळ जलाशयांच्या शास्त्राची आहे. नेदरलँड्समधील मार्टेन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली मांडलेला सिद्धान्त थोडक्यात असा : उथळ तळ्याला दोन स्थिर अवस्था असतात, एक नितळ पाण्याची आणि दुसरी गढूळ पाण्याची. पाण्याखाली वनस्पती असतील तर त्या गाळ धरून ठेवतात, लाटा शमवतात, पोषकद्रव्ये शोषून घेतात आणि पाणी नितळ राहते. पाणी नितळ असले की प्रकाश तळापर्यंत पोचतो आणि वनस्पती वाढतात. ही साखळी एकदा तुटली की गढूळ पाणी वनस्पतींना वाढू देत नाही आणि वनस्पती नाहीत म्हणून पाणी गढूळच राहते. याचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. ज्या कारणाने तलाव बिघडला ते कारण दूर केले म्हणजे तलाव आपोआप सुधारेल असे नाही. वनस्पती कोणीतरी परत लावावी लागते आणि ती रुजेपर्यंत तिचे रक्षण करावे लागते.

तिसरी परंपरा मत्स्यशेतीची, आणि भंडाऱ्याच्या तलावांवर सर्वांत मोठा परिणाम हिचाच झाला आहे. १९५७ साली कटक येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यानंतर रोहू, कतला आणि मृगळ यांचे बीज मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले आणि गावोगावच्या तलावांत सोडले जाऊ लागले. त्याने मच्छीमार संस्थांना उत्पन्नाचा आधार मिळाला हे मान्य केलेच पाहिजे. परंतु याच संमिश्र मत्स्यसंवर्धनात गवत्या मासाही आला, ज्याचे अन्नच पाण्याखालच्या वनस्पती हे आहे, आणि सायप्रिनस आला, जो अन्नासाठी तळ उकरून गाळ वर आणतो. मत्स्यशेतीच्या पुस्तकांत पाण्याखालच्या वनस्पती तण या सदरात येतात. शेततळ्यासाठी आणि संवर्धन तळ्यासाठी ते बरोबर असेल. पण जेथे मरळ, शिंगी, मागूर, वाम असे मासे आपणहून वाढत होते आणि वनस्पतींच्या आडोशाने अंडी घालत व पिले वाढवत होते, त्या जुन्या तलावाला मत्स्यशेतीचे पुस्तक लावणे ही चूक होती. तिची किंमत स्थानिक मासळीने आणि त्या मासळीवर जगणाऱ्या कुटुंबांनी मोजली.

या तलावांचा स्वतःचा इतिहास येथे थोडक्यात सांगितला पाहिजे. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. मालगुजारी तलाव, किंवा मामा तलाव, या नावाने ते ओळखले जातात. त्यांची मोठी बांधणी गोंड राजवटीत आणि त्यानंतर कोहळी समाजाने केली. जमिनीचा उतार डोळ्यांनी पारखून पाळ घालण्यात, पाणी सोडण्यासाठी तुडूम बसवण्यात आणि सांडव्याची जागा निवडण्यात या समाजाचे कसब असे होते की १९०८ च्या भंडारा जिल्हा गॅझेटियरनेही त्याची दखल घेतली. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगितले जाते. १९९९ साली गोंदिया वेगळा जिल्हा होईपर्यंत तोही भंडाऱ्यातच होता, आणि मारुती चितमपल्लींच्या लेखनातून तेथील पाणी, पक्षी आणि वनस्पती मराठी वाचकाला परिचित आहेत. मालगुजारी १९५१ साली संपुष्टात आली, तलाव शासनाकडे गेले, आणि त्यांची निगा ठेवण्याची जुनी व्यवस्था मोडली. नवी व्यवस्था सिंचनाच्या क्षमतेपलीकडे तलावाकडे पाहू शकली नाही. तलाव म्हणजे पाण्याची साठवण, एवढीच व्याख्या कागदावर उरली.

ही व्याख्या बदलण्याचा प्रयत्न भंडाऱ्यातच झाला, आणि या पुस्तकाला खरा आधार त्याचाच आहे. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी तलावांच्या पारंपरिक ज्ञानाचा अभ्यास केला. त्यातून पुढे ढिवरांच्या मच्छीमार सहकारी संस्था आणि महिलांचे गट यांच्याबरोबर तलावांतल्या वनस्पती परत आणण्याचे काम उभे राहिले. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात पतिराम तुमसरे आणि शालू कोल्हे यांच्यासारखी ढिवर समाजातली माणसे या कामात पुढे होती. कामाची पद्धत साधी आणि कष्टाची आहे : उन्हाळ्यात पाणी आटल्यावर कडेची बेशरम ही झुडपी वनस्पती मुळासकट काढायची, उघडा पडलेला तळ नांगरायचा, पाऊस लागल्यावर शेजारच्या चांगल्या तलावातून हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, कुमुद अशा वनस्पतींची रोपे आणून लावायची. शास्त्रज्ञ ज्याला नितळ अवस्थेकडे परतणे म्हणतात, ते येथे कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहिलेल्या स्त्रियांनी हाताने केले. वर सांगितलेल्या तिन्ही परंपरांमध्ये ही चौथी घालून तिला त्यांच्या बरोबरीचे स्थान देणे हा या पुस्तकाचा एक उद्देश आहे. ढिवरांचे ज्ञान परिशिष्टात घालण्याची प्रथा या पुस्तकाने पाळलेली नाही.

हा विषय आजच का घ्यावा, याची कारणे तलावाच्या काठावर उभे राहिले तरी दिसतात. दक्षिण अमेरिकेतून आलेली बेशरम आणि जलपर्णी यांनी कडा आणि पृष्ठभाग व्यापला आहे, आणि पृष्ठभाग झाकला की खाली प्रकाश पोचत नाही. गोसीखुर्द प्रकल्पाच्या फुगवट्यात जलपर्णीचे संकट जिल्ह्याने पाहिले आहेच. गाळ काढण्याच्या मोहिमांचा विचारही करायला हवा. २०१७ साली राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सुरू झाली. जुन्या तलावांना गाळ काढण्याची गरज आहे, शेताला तो गाळ उपयोगी आहे, यात वाद नाही. पण तलावाच्या वरच्या वीतभर गाळात वनस्पतींची बीजे, कंद आणि मुळे असतात, आणि यंत्राने संपूर्ण तळ एकदम खरवडून काढला तर शतकभर साचलेली ही ठेव एका उन्हाळ्यात बांधावर जाऊन पडते. काही भाग न उकरता राखणे, किंवा वरचा थर बाजूला ठेवून काम झाल्यावर तो परत पसरणे, एवढ्या साध्या दक्षतेने हे नुकसान टळू शकते. सारस पक्ष्याचा प्रश्नही येथे येऊन मिळतो. महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या पाणथळ प्रदेशात उरला आहे, आणि पाणवनस्पतींचे कंद हे त्याचे अन्न आहे.

लागवडीच्या भागाचे स्वरूप कसे आहे हे सांगणे आवश्यक आहे, कारण वाचक येथे पिकाच्या पुस्तकासारखी एकरी मात्रा शोधू लागला तर त्याची निराशा होईल. प्रत्येक तलाव वेगळा असतो. कन्हार मातीच्या बुडीत क्षेत्राचा तलाव आणि खरडी मातीचा तलाव यांत गाळाचा पोत, पाण्याचा गढूळपणा आणि पाणी टिकण्याचा काळ निराळा असतो. धानाला शेवटचे पाणी सोडल्यानंतर तलावाची पातळी झपाट्याने खाली येते. म्हणून जेथे उन्हाळ्यातही ओल राहते असा डोहाकडचा भाग प्रथम निवडावा लागतो, नाहीतर पावसाळ्यात लावलेले कुरण वैशाखात वाळून जाते. रोपे एकाच झुबक्याची न घेता तलावाच्या निरनिराळ्या भागांतून घ्यावीत, म्हणजे नर आणि मादी दोन्ही येण्याची शक्यता राहते. लावताना झुबक्याचे बूड, म्हणजे पाने आणि मुळे जेथे मिळतात ती जागा, गाळाच्या वर राहिली पाहिजे. ती गाडली गेली की रोप कुजते, आणि नव्या माणसाच्या हातून सर्वाधिक होणारी चूक हीच आहे. मऊ गाळात रोप तरंगून वर येऊ नये म्हणून मुळांभोवती चिकणमातीचा गोळा करून तो तळात दाबण्याची युक्ती सोपी व बिनखर्चाची आहे. पहिल्या पावसाळ्यात पाणी गुडघ्यापासून मांडीपर्यंत असताना लावलेली रोपे पातळीबरोबर पाने लांबवत जातात, पण पाणी फार गढूळ असेल तर पहिला जोर ओसरून गाळ बसेपर्यंत थांबणे बरे. लावलेल्या तुकड्याभोवती जाळे असावे, आणि त्या तलावात गवत्या मासा सोडला जाणार नाही असा ठराव संस्थेने आधी केलेला असावा. हा ठराव नसेल तर बाकीचे श्रम करू नयेत, असे या पुस्तकाचे स्पष्ट मत आहे.

पुस्तकात व्हॅलिस्नेरिया एकटी नाही. हायड्रिला, ऑटेलिया, कुमुद, कडेची लव्हाळी आणि देवधान तिच्या सोबतीने येतात, कारण तलावात कोणतीही वनस्पती एकटी टिकत नाही. तरीही एकाच वनस्पतीच्या धाग्याने विषय ओवण्याचे कारण असे की तिच्या वाढीवरून पाण्याची प्रकृती डोळ्यांना दिसते. मांडणी करताना दोन प्रकारचे वाचक समोर धरले आहेत : वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी, ज्याने प्रयोगशाळेत व्हॅलिस्नेरियाच्या पानाच्या पेशींतले जीवद्रव्य फिरताना पाहिले असते पण ती तलावात उभी पाहिलेली नसते, आणि मच्छीमार संस्थेचा सभासद, ज्याने ती जन्मापासून पाहिलेली असते पण तिच्याविषयी छापलेले काही वाचलेले नसते. संज्ञा जेथे येतात तेथेच त्यांचा अर्थ दिला आहे, आकृत्या कमी पण मोठ्या ठेवल्या आहेत, आणि लागवडीचे प्रकरण नक्षत्रांच्या क्रमाने लावले आहे, कारण तलावावरची कामे महिन्यांनी मोजली जात नाहीत. रोहिणी लागण्यापूर्वी नांगरट संपली नाही तर त्या वर्षीची लागवड हुकते, आणि तलावाच्या ठेक्याची मुदत संपण्याआधी कुरण उभे करायचे असेल तर एकही वर्ष हुकवून चालत नाही.